जयवंत दळवी आणि त्यांचा झपाटलेला वाडा

दक्षिण कोकणात भूत ही परकी गोष्ट नाही. येथल्या मुलाला पाढे येण्याआधी भुतांची नावे येतात. पाणंदीच्या वळणावरचा देवचार, पिंपळावरचा मुंजा, विहिरीच्या काठावरची हडळ, तिन्हीसांजेला उंबरठ्याबाहेर न पडण्याची ताकीद आणि रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ न देण्याचा दंडक, ह्या साऱ्या गोष्टी पेजेबरोबरच पोटात जातात. अशा प्रदेशातून मराठीला एखादा मोठा भयकथालेखक मिळाला असता तर त्यात नवल नव्हते. मिळाला तो मात्र निराळाच लेखक. जयवंत दळवींनी मराठी रंगभूमीवर एक असा वाडा उभा केला की जो पाहून माणसे नाट्यगृहातून गप्प होऊन बाहेर पडत. आणि त्या वाड्यात भूत एकही नव्हते. २०२५ साली दळवींच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. शिरोडा-आरवलीच्या ह्या लेखकाचे जीवन आणि त्याचा तो वाडा ह्यांची एकत्र ओळख करून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे निघाले की मोचेमाडनंतर आरवली लागते आणि आरवलीला लागूनच शिरोडा. पुढे रेडी, मग तेरेखोलची खाडी, आणि खाडीपलीकडे गोवा. माडांच्या बागा, मिठागरे, समुद्राची गाज आणि लाल मातीच्या वाटा असा हा सारा मुलूख. आरवलीचे ग्रामदैवत म्हणजे श्रीदेव वेतोबा. वेताळ हा भुतांचा राजा. इतर ठिकाणी त्याचे नाव घेताना माणसे आवाज खाली आणतात. आरवलीत मात्र तो गावचा राखणदार आहे. माणसाहून उंच अशी त्याची मूर्ती आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि त्याच्या पायांना शोभतील अशी भलीमोठी चामडी पायताणेही अर्पण करतात. देव रात्री गावाच्या सीमेवर फिरतो आणि म्हणूनच ही पायताणे झिजतात, अशी श्रद्धा आहे.

ह्या श्रद्धेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे सोपे आहे. पण तिच्यात एक शहाणपण दडलेले आहे. ह्या गावात भीतीला देऊळ आहे. तिला नाव आहे, तिची ठरलेली वाट आहे, तिच्यापुढे गाऱ्हाणे घालता येते, तिला नारळ देता येतो. भुतांचा राजाच आपल्या बाजूला असल्यावर भुतांना भ्यायचे कारण उरत नाही. मग भ्यायचे कशाला? ज्याला देऊळ नाही, ज्याचे गाऱ्हाणे चारचौघांत घालता येत नाही, त्याला. घरातल्या माणसाचे वेड, घरातल्या विधवेचे मौन, न परतलेला मुलगा, ह्यांना कोणता नारळ फोडायचा? दळवींच्या साऱ्या गंभीर लेखनाची वाट ह्या प्रश्नाजवळून जाते असे मला वाटते.

जयवंत द्वारकानाथ दळवी ह्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ रोजी गोव्यातील हडफडे येथे झाला. गाव मात्र आरवली. योगायोग असा की मराठी भयकथेचे पुढे सम्राट मानले गेलेले नारायण धारप हेही ऑगस्ट १९२५ मध्येच जन्मले. एकाच महिन्यात जन्मलेल्या ह्या दोघांनी मराठी वाचकाला दोन वेगळ्या प्रकारांनी घाबरवले. धारपांच्या कथांत संकट बहुधा बाहेरून येते. दुष्ट शक्ती दार ठोठावते, आणि पुष्कळदा समर्थांसारखा कोणी जाणता पुरुष धावून येतो. दळवींच्या घरांत संकटाला दार ठोठावावे लागत नाही. ते आधीपासूनच माजघरात बसलेले असते, आणि धावून येणारा कोणीही नसतो.

दळवींचे शालेय शिक्षण शिरोड्यास झाले. त्या काळचे शिरोडे हे नकाशावर लहान पण घडामोडींनी मोठे गाव होते. १९३० साली येथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. १९२० ते १९३८ ह्या काळात वि. स. खांडेकर येथल्या शाळेत शिक्षक व मुख्याध्यापक होते. त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग ह्याच गावात झाला. मास्टर विनायक ह्यांच्या १९३६ सालच्या ‘छाया’ ह्या बोलपटाची कथाही खांडेकरांनी शिरोड्यास असतानाच लिहिली. म्हणजे शिरोड्याचे आणि चित्रपटाचे नाते दळवींच्या आधीच जुळलेले होते. खांडेकर कोल्हापूरला गेले तेव्हा दळवी तेरा वर्षांचे होते. एका मोठ्या लेखकाचा वावर ज्या गावाच्या रस्त्यांवर होता त्या गावात हा मुलगा वाढला. पुढे त्याने जी वाट धरली ती मात्र खांडेकरांच्या ध्येयवादाची नव्हती. माणूस कसा असावा ह्यापेक्षा तो कसा असतो, हे पाहण्याची त्याला ओढ होती.

आणि पाहण्यासारखे भोवती पुष्कळ होते. त्या काळचे कोकणी घर मनीऑर्डरवर चाले. कर्ता पुरुष मुंबईला, बायका आणि म्हातारी माणसे गावी. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी यायचा आणि पंधरा दिवसांत परत जायचा. भाऊबंदकीत घरांच्या भिंती मधूनच उभ्या राहत; कित्येक घरांना कायमचे कुलूप लागे. खळे, ओटी, पडवी, माजघर, काळोखी कोठीची खोली आणि वरचा माळा अशा त्या घरांत दिवसाही दिवा लावल्याखेरीज काही ठिकाणी दिसत नसे. त्या काळोखात कोणी केशवपन केलेली आत्या किंवा मावशी जन्मभर वावरत असे, तर कोणी डोक्याने अधू झालेला काका खोलीत बंद असे. पाहुण्यांना त्याच्याबद्दल सांगायचे नाही, आणि पाहुण्यांनीही विचारायचे नाही, असा रिवाज होता. रत्नागिरीला वेड्यांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून होते खरे. पण तेथे माणूस पाठवणे म्हणजे घराण्याचे नाव चव्हाट्यावर आणणे, आणि त्या घरातल्या मुलींची लग्ने अडणे. त्यापेक्षा दाराला बाहेरून कडी बरी, असे अनेकांना वाटे.

मॅट्रिकनंतर दळवी मुंबईला आले, म्हणजे तेही चाकरमानीच झाले. ‘प्रभात’ आणि ‘लोकमान्य’ ह्या वृत्तपत्रांत त्यांनी उमेदवारी केली. नंतर अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि १९७५ साली ती सोडून पूर्ण वेळ लेखनाला वाहून घेतले. ‘गहिवर’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९५६ साली आला. १९६३ सालच्या ‘चक्र’ने मुंबईच्या झोपडपट्टीतले जीवन मराठी कादंबरीत आणले. पुढच्याच वर्षी ‘सारे प्रवासी घडीचे’ आले आणि त्यातल्या कोकणी गावाने, तिथल्या इरसाल, भाबड्या, भांडखोर आणि दुःखी माणसांनी मराठी वाचकांना हसवता हसवता हळवे केले. १९७० साली ‘महानंदा’ आली; गोव्यातील देवळांच्या आधाराने जगणाऱ्या भाविणींचे जग तिच्यात आहे. कादंबऱ्या वीसच्या आसपास, नाटकेही जवळजवळ तितकीच, शिवाय कथा, विनोद आणि प्रवासवर्णन, असा हा संसार वाढत गेला.

दळवींचे दुसरे रूप म्हणजे ठणठणपाळ. ‘ललित’ मासिकातील ‘घटका गेली, पळे गेली’ ह्या सदरातून हे गृहस्थ मराठी साहित्यिकांच्या टोप्या उडवीत. वसंत सरवटे ह्यांच्या रेषांनी त्या नावाला चेहरा दिला. ज्याच्यावर टोला बसला त्यालाही हसू यावे, असा तो विनोद होता. संमेलने, सत्कार आणि व्यासपीठे ह्यांपासून दळवी स्वतः दूर राहत. भाषण करण्याचे त्यांना वावडे होते. चारचौघांत हसवणारा आणि एकांतात काळोखाबद्दल लिहिणारा, असे हे दुहेरी व्यक्तिमत्त्व पुष्कळांना कोड्यात टाकी. कोकणात वाढलेल्याला त्याचे कोडे वाटत नाही. तेथे दशावताराच्या रात्री शंकासूर लोकांना हसवून लोळवतो, आणि त्याच रात्री, त्याच पेट्रोमॅक्सच्या उजेडात, कोणाचा तरी वध व्हायचा असतो.

घर आणि घरातले दुःख हा विषय दळवींनी प्रथम ठळकपणे रंगभूमीवर आणला तो १९७३ च्या ‘संध्याछाया’ मध्ये. नाना आणि नानी हे म्हातारे जोडपे, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. घर नीटनेटके आहे, पैशाची ददात नाही. फक्त आवाज नाहीत. चुकून लागलेला टेलिफोन आला तरी ही दोघे त्या अनोळखी माणसाशी बोलत राहतात. पत्ता विचारायला आलेल्याला जाऊ देत नाहीत. पुढे सैन्यातला मुलगा युद्धात जातो आणि परदेशातला परत येत नाही. अखेर दोघे आपल्या हातांनी आपला शेवट करतात. विजया मेहतांनी हे नाटक बसवले आणि नानीची भूमिकाही केली. ह्या नाटकात भूत कोण? मला वाटते, ते दोघेच. आपल्याच घरात, कोणाला न दिसता, कोणाची तरी वाट पाहत खोल्यांमधून हिंडणारी ती दोन जिवंत माणसे. नाटक त्या काळी फार नवे वाटले. त्याला आज पन्नास वर्षे लोटली. आपल्या तालुक्यातील कोणत्याही वाडीत संध्याकाळी फेरी मारली तर त्यातले घर कोणते, हे बोटाने दाखवता येते.

पण ज्या वाड्याबद्दल प्रारंभी लिहिले तो ‘बॅरिस्टर’ मधला. ‘अंधाराच्या पारंब्या’ ही दळवींची कादंबरी. तिच्यावरून त्यांनी स्वतःच हे नाटक लिहिले आणि १९७७ साली ते रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विजया मेहतांचे, बॅरिस्टर विक्रम गोखले आणि मावशी स्वतः विजयाबाई. काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. विलायतेहून शिकून आलेला, उत्तम कपड्यांचा आणि त्याहून उत्तम विचारांचा एक बॅरिस्टर आपल्या वडिलोपार्जित प्रचंड वाड्यात राहतो. घरात त्याची मावशी आहे; केशवपन केलेली, लाल अलवणातली विधवा. वाड्यातच एक बिऱ्हाड आहे, आणि त्या बिऱ्हाडात राधा ही तरुण सून आहे. तिचा नवरा परगावी जातो आणि त्याच्या मृत्यूची वार्ता येते. आता तिचे केस जाणार, आणि केसांबरोबर तिचे आयुष्य.

ह्या साध्या कथानकात भय कोठून येते? ते येते बॅरिस्टरच्या रक्तातून. त्याच्या घराण्यात वेड आहे. आपल्या आधीची माणसे त्या वाटेने जाताना त्याने पाहिली आहेत. आज ना उद्या आपलीही पाळी येणार, ही भीती त्याच्याबरोबर वाड्यातून हिंडत असते. तो पुस्तके वाचतो, सुधारणेच्या गोष्टी बोलतो, हसतो, पाहुणचार करतो. आणि मधेच कोठेतरी त्याची नजर स्थिर होते. प्रेक्षकाला त्या क्षणी कळते की ह्या माणसाने आता स्वतःच्या आत पावलांचा आवाज ऐकला. भयपटात जे काम जिन्यावरची पावले करतात ते येथे एका माणसाचे स्वतःकडे लागलेले कान करतात. कोणीही किंचाळत नाही. नाटक सावकाश पुढे सरकते, इतके सावकाश की काळोख कधी वाढला हे लक्षातच येत नाही.

कादंबरीचे नाव ह्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. वडाच्या पारंब्या वरून खाली येतात, जमिनीत शिरतात आणि पुन्हा नवे खोड होतात. मूळ झाड कोणते आणि नवे कोणते हे मग सांगता येत नाही. घराण्यातले दुःखही तसेच उतरते. आजोबांचे वेड लपवले गेले म्हणून वडिलांना त्याची धास्ती, वडिलांची धास्ती लपवली गेली म्हणून मुलाला तिचे भय. रोग किती उतरला आणि भय किती उतरले, हे शेवटी कोणालाच वेगळे करता येत नाही. आनुवंशिकतेचा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे, आणि आजचे शास्त्र त्याबद्दल पूर्वीपेक्षा पुष्कळ सावधपणे बोलते. घराण्यात मानसिक आजार असला तर धोका वाढू शकतो, पण ते ललाटीचे लिखित नव्हे, असे ते सांगते. बॅरिस्टरला हे सांगणारे कोणी नव्हते. त्याने ते लिखितच मानले.

म्हणूनच नाटकातला खरा भीषण प्रसंग वेडाचा नाही, तो धैर्य गळण्याचा आहे. राधेला वाचवता येईल अशी एक वाट आहे, ती म्हणजे बॅरिस्टरने तिच्याशी विवाह करणे. कायदा आड येत नाही; विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ सालीच कायद्याने मोकळीक दिलेली होती. उदाहरणही दूरचे नाही. कोकणातल्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, गावाचा बहिष्कार सोसला आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. घरातली मावशीही आड येत नाही. जे आयुष्य आपण भोगले ते ह्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, असे तिला मनापासून वाटते. म्हणजे सारी दारे उघडी आहेत. बंद आहे ते फक्त बॅरिस्टरचे मन. ज्या रक्ताला तो भितो त्या रक्तात आणखी कोणाला ओढायला तो धजत नाही. आणि ज्या भीतीने तो मागे सरतो तीच भीती अखेर त्याला गिळून टाकते.

मावशीच्या व्यक्तिरेखेकडे ह्या जागी थांबून पाहिले पाहिजे. केशवपन झालेली विधवा ही त्या काळच्या घरात राहत असे ती जवळजवळ भुतासारखीच. मंगल कार्यात तिने दिसायचे नाही, सकाळी कोणाच्या आडवे जायचे नाही, आरशात पाहायचे नाही. घर तिच्या हातांवर चाले, पण त्या घरात तिचे असणे मोजले जात नसे. मराठी भयकथेतली पांढऱ्या साडीतली बाई आपल्या सर्वांना परिचित आहे. दळवींनी तिच्या जागी लाल अलवणातली, स्वयंपाकघरात राबणारी, मायाळू आणि कडवट अशी एक खरी बाई आणून बसवली. ती अंधारातून पुढे आली की प्रेक्षकाला प्रथम दचकायला होते आणि मग स्वतःच्या दचकण्याची लाज वाटते. अशी माणसे आपल्याच घरांत होती आणि आपण त्यांना जिवंतपणीच भुते करून ठेवले होते, हे ती एक शब्दही न बोलता दाखवून देते.

ह्याच कथेवर विजया मेहतांनी पुढे ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. अनुपम खेर, तन्वी आझमी, निळू फुले ह्यांच्या त्यात भूमिका होत्या, आणि मावशी पुन्हा विजयाबाईच. १९८५ सालच्या चित्रपटांना दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत विजयाबाईंना सहायक अभिनेत्रीचा आणि श्याम भुतकर ह्यांना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार ह्या चित्रपटासाठी मिळाला. कलादिग्दर्शनाचा पुरस्कार हा एका अर्थी त्या वाड्याचाच गौरव होता. रंगभूमीवर प्रेक्षक वाड्याच्या समोर बसतो. चित्रपटात कॅमेरा त्याला आत घेऊन जातो. वाडा तेथे केवळ पार्श्वभूमी राहत नाही, तो एक पात्र होतो. आणि हे पात्र इतर साऱ्या पात्रांपेक्षा वयाने मोठे असते. त्याला सर्वांचे सर्व माहीत असते आणि ते कोणाला काही सांगत नाही.

मराठी आणि हिंदी पडद्यावर झपाटलेली घरे पूर्वीही होती. कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९ साली आला आणि त्याने एका पिढीला मोहून टाकले. ‘बॅरिस्टर’च्या आदल्याच वर्षी, १९७६ साली, वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ मराठीत गाजला. अलीकडे, २०१६ साली, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ ह्या मालिकेने मालवणी घर आणि घरातली भीती राज्यभर पोचवली. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ला धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती. त्याच साली अमेरिकेत ॲरी ॲस्टर ह्यांचा ‘हेरेडिटरी’ हा चित्रपट आला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी वंशपरंपरेने आलेले असा आहे. आजीच्या मृत्यूनंतर एका कुटुंबाचे हळूहळू काय होत जाते ते त्यात दाखवले आहे. त्याआधी २०१४ साली ऑस्ट्रेलियात जेनिफर केंट ह्यांनी ‘द बाबाडूक’ केला. नवऱ्याच्या मृत्यूचे दुःख मनात दाबून मुलाला वाढवणारी एक बाई आणि त्यांच्या घरात शिरलेले एक काळे भय, असा तो चित्रपट आहे. घरातील शोक हेच भुताचे मूळ, ही कल्पना जगभरच्या प्रेक्षकांना आता ओळखीची झाली आहे. हे चित्रपट पाहून भारावलेल्या आपल्या मित्रांना सांगावेसे वाटते की, ह्या वाटेवरचे एक फार जुने पाऊल आरवलीच्या लाल मातीत उमटलेले आहे.

फरक इतकाच की पाश्चात्त्य भयपटाला शेवटी राक्षस दाखवावा लागतो. शोक कितीही खरा असला तरी कोठेतरी एक सावली हलते, एक चेहरा दिसतो, आणि प्रेक्षक मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो की बरे झाले, हे माणसाचे काम नव्हते. दळवी ती सुटका देत नाहीत. बॅरिस्टरच्या वाड्यात जे घडते ते सारे माणसांनीच केलेले आहे. रूढी माणसांनी केली, मौन माणसांनी पाळले आणि मदतीचा हातही माणसानेच मागे घेतला. अशा घरात घाड्याला बोलावून उपयोग नसतो.

कोणी म्हणेल की ही सारी जुन्या काळाची दुःखे आहेत. केशवपन संपले, वाडे पडले, आणि २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदाही झाला. त्याने मानसिक आजारावर उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. हे सर्व खरे आहे. तरीही लग्नाच्या बैठकीत घराण्यातल्या आजाराबद्दल आजही कोणी मोकळेपणाने बोलत नाही. परीक्षेच्या दिवसांत झोप उडालेला मुलगा डॉक्टरकडे जायला आजही लाजतो, आणि त्याची आई त्याला नजर लागली असे म्हणून मीठमोहऱ्या ओवाळते. मीठमोहऱ्या ओवाळण्यात आईची माया आहे, ती मोडीत काढू नये. पण ओवाळून झाल्यावर त्या मुलाशी कोणी बोलले पाहिजे. दळवींच्या नाटकांत माणसे मरतात किंवा मोडतात ती बहुतेक वेळा ह्या न झालेल्या बोलण्यामुळे.

दळवींच्या लेखनावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले. विकृती, वासना, वेड आणि आत्मघात हेच त्यांना का सुचते, असे विचारले गेले. त्यांच्या काही कादंबऱ्यांत हे विषय पुन्हापुन्हा येऊन त्यांची धार बोथट झाली, ही टीका अगदीच निराधार नाही. सतत आणि भरपूर लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत असे होते. परंतु ह्या विषयांना त्यांनी चवीसाठी हात घातला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेड्या माणसाची त्यांनी कधी टर उडवली नाही. टर उडवली ती स्वतःला शहाणे समजणाऱ्या साहित्यिकांची. ‘नातीगोती’ मध्ये मतिमंद मुलाच्या आईवडिलांचे जे चित्र त्यांनी काढले ते पाहताना हे विशेष जाणवते. मुलावरचे प्रेम आणि त्याच्यापासून सुटका व्हावी ही इच्छा, दोन्ही एकाच छातीत कशी नांदतात हे तेथे कोणताही निवाडा न देता दाखवले आहे. घरातले दुःख पवित्र असते असे ते म्हणत नाहीत आणि ते लज्जास्पद असते असेही म्हणत नाहीत. ते असते, एवढेच ते दाखवतात.

चित्रपटाने दळवींना सोडले नाही. रवींद्र धर्मराज ह्यांनी ‘चक्र’वर केलेला हिंदी चित्रपट १९८१ साली लोकार्नोच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला आणि त्यातल्या भूमिकेसाठी स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दळवींच्या मृत्यूनंतर त्यांच्या ‘दुर्गी’ ह्या नाटकावरून बिपिन नाडकर्णी ह्यांनी ‘उत्तरायण’ हा मराठी चित्रपट केला. उतारवयात पुन्हा भेटलेल्या दोन माणसांची ती कथा आहे. विशेष हे की ह्या चित्रपटात एकाकी घराचे दार शेवटी दुसऱ्या माणसासाठी उघडते. ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींना जे मिळाले नाही ते येथे कोणाला तरी मिळते.

१६ सप्टेंबर १९९४ रोजी जयवंत दळवींचे निधन झाले. वय एकोणसत्तर. आयुष्य मुंबईत गेले, तरी त्यांच्या लेखनातले गाव आरवलीच राहिले. ह्या गावाने त्यांना माणसे दिली, बोली दिली, विनोद दिला. भीतीकडे पाहण्याची एक रीतही दिली असावी. वेतोबाच्या गावात मुलाला शिकवतात की भिऊ नकोस, त्याचे नाव घे. दळवींनी पुढे आयुष्यभर तेच केले. ज्या गोष्टींचे नाव घरात कोणी घेत नसे त्यांची नावे त्यांनी एकेक करून घेतली. कधी हसत, कधी फार गंभीरपणे. त्यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. ‘अंधाराच्या पारंब्या’ वाचून झाल्यावर रात्री भूत येणार नाही. आपल्या घरातल्या एखाद्या माणसाची आठवण मात्र येईल, आणि त्याच्याशी आपण बरेच दिवस नीट बोललो नाही, हेही आठवेल.